मत 'बाद' होतं म्हणजे नेमकं काय होतं? चंडीगडच्या आठ मतपत्रिकांची गोष्ट

30 जानेवारी 2024. चंडीगड महापालिकेत महापौर निवडायचा होता. मतदार सगळे मिळून 36. आम आदमी पक्षाचे 13 आणि काँग्रेसचे 7 असे एका बाजूला 20. दुसऱ्या बाजूला भाजपचे 14, अकाली दलाचा एक आणि पदसिद्ध मताचा अधिकार असलेल्या खासदार किरण खेर, असे 16. चौथीतल्या पोराला विचारलं असतं तरी निकाल सांगितला असता. प्रत्यक्षात जाहीर झालं ते असं: भाजपचे मनोज सोनकर 16, आप-काँग्रेसचे कुलदीप कुमार 12. उरलेली आठ मतं बाद.

आणि बाद झालेली आठच्या आठ एकाच बाजूची.

पुढे काय झालं ते बहुतेकांच्या लक्षात आहे. कॅमेऱ्याकडे पाहत पेन चालवणारा अधिकारी, सर्वोच्च न्यायालय, फिरलेला निकाल. पण त्या गोंधळात मूळ प्रश्न मागेच पडला. मत बाद का करतात? ते करण्याचा अधिकार कोणाचा, आणि तो कुठे संपतो? ग्रामपंचायत असो, बाजार समिती असो की सोसायटीची कमिटी, मोजणीच्या टेबलावर भांडण लागतं ते याच शब्दावरून. म्हणून चंडीगडचं उदाहरण हाताशी धरून जरा नीट पाहू.

'बाद' करण्यामागचं कारण

दहावीच्या परीक्षेत उत्तरपत्रिकेवर नाव लिहू नका, 'श्री' लिहू नका, कोपऱ्यात फूल काढू नका, असं पर्यवेक्षक बजावतात. फूल काढल्याने गणित चुकत नाही. पण तपासणाऱ्याला कळू शकतं की ही अमक्याची वही आहे. ओळख पटली की दबाव आला, ओळखपाळख आली, पैसाही आला.

गुप्त मतदानाचं तसंच आहे. मतपत्रिकेवर ओळख पटणारी खूण करता आली, तर मत विकणाऱ्याला पुरावा दाखवता येतो: "कोपऱ्यात टिंब असलेली माझी, बघा तुमच्याच नावावर शिक्का आहे." असा पुरावा देताच येत नसेल, तर मत विकत घेणाऱ्याला नुसत्या शब्दावर पैसे मोजावे लागतात. गुप्त मतदानाचा खरा जोर इथे आहे. आमच्या सोसायटीच्या निवडणुकीत एका आजोबांनी शिक्का मारून खाली सुवाच्य अक्षरात 'सर्वांना शुभेच्छा' लिहिलं होतं. भाव चांगला होता, पण अक्षर सगळ्यांच्या ओळखीचं. मत बाद झालं. आजोबा आठवडाभर कोणाशी बोलले नाहीत.

चंडीगड महापालिकेच्या 1996 च्या नियमांत मत बाद करायची कारणं तीनच आहेत. एकापेक्षा जास्त उमेदवारांना मत दिलं, मतदाराने स्वतःची ओळख पटेल अशी खूण केली, किंवा मत नक्की कोणाला हे कळू नये अशा जागी खूण पडली. लोकसभा-विधानसभेच्या मतपत्रिकांचे नियमही साधारण याच वळणाचे आहेत, फक्त त्यांत एक महत्त्वाचा दिलासा आहे. शिक्का पुसट उमटला किंवा दोनदा मारला एवढ्यावरून मत बाद करता येत नाही, मतदाराला कोण हवं होतं हे स्पष्ट दिसत असेल तर ते धरायचं.

आपल्या मतपत्रिकेवरचा तो बाणांच्या फुलीचा शिक्काही याच विचाराने केलेला आहे. कागद घडी केला की ओल्या शाईचा ठसा समोरच्या बाजूला उमटतो. साधी फुली असती तर दोन उमेदवारांपुढे दोन फुल्या दिसल्या असत्या आणि मत गेलं असतं. या शिक्क्याची टोकं एका दिशेला वळलेली असतात, त्यामुळे घडीमुळे उमटलेला ठसा उलटा दिसतो आणि खरा कोणता ते लगेच कळतं. बाद करायला जागा शोधायची नाही, मत वाचवायला शोधायची, हा नियमांचा मूळ कल आहे. वादात नेमका तोच विसरला जातो.

चंडीगडमध्ये घडलं काय

तिथे महापौर दरवर्षी नवा निवडतात. त्यामुळे दर जानेवारीत तोच खेळ, तीच जुळवाजुळव. 2022 मध्ये भाजपच्या सरबजित कौर 14 विरुद्ध 13 अशा एका मताने जिंकल्या, आणि तेव्हाही एक मत बाद झालं होतं. 2023 मध्ये निकाल 15 विरुद्ध 14. 2024 मध्ये आप आणि काँग्रेस एकत्र आले आणि गणित एकतर्फी दिसू लागलं.

मतदान 18 जानेवारीला होतं. पीठासीन अधिकारी, म्हणजे मतदान घेऊन मोजणी करणारा आणि निकाल सांगणारा माणूस, आजारी असल्याचं कारण देऊन ते पुढे ढकललं गेलं. प्रशासनाने 6 फेब्रुवारी ही तारीख दिली. उच्च न्यायालयाने ती अमान्य करून 30 जानेवारी ठरवली.

हे अधिकारी होते अनिल मसीह. ते नामनिर्देशित नगरसेवक, आपल्याकडे ज्यांना स्वीकृत नगरसेवक म्हणतात तसे. स्वतःला मताचा अधिकार नाही, पण मोजणीचा आहे. भाजपच्या अल्पसंख्याक मोर्चाचे ते पदाधिकारी राहिलेले. आपल्या तहसीलदारासारखा बाहेरचा सरकारी अधिकारी तिथे नव्हता, घरातलाच माणूस पंच होता. एवढ्यावरून कोणी दोषी ठरत नाही. पण गावच्या कबड्डीत पंच कोणत्या आळीचा, हे लोक आधी विचारतात ते उगाच नाही.

सभागृहातल्या कॅमेऱ्यात जे टिपलं गेलं त्यात मसीह मतपत्रिकांवर पेन चालवताना दिसतात, आणि मधूनच कॅमेऱ्याकडे पाहतात. उच्च न्यायालयाने तातडीचा दिलासा दिला नाही, म्हणून कुलदीप कुमार सर्वोच्च न्यायालयात गेले. 5 फेब्रुवारीला ती चित्रफीत पाहून सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी 'लोकशाहीची हत्या' असे शब्द वापरले, आणि मतपत्रिका ताबडतोब उच्च न्यायालयाच्या महाप्रबंधकांच्या (रजिस्ट्रार जनरल) ताब्यात द्यायला लावल्या. माझ्या मते सगळ्या प्रकरणातला सगळ्यात कामाचा आदेश हाच. लोक निकालपत्र वाचतात. पण कागद सुरक्षित राहिला नसता, तर निकाल द्यायला उरलं काय असतं?

19 फेब्रुवारीला मसीह यांना न्यायालयात उभं करून सरळ विचारलं गेलं: तुम्ही फुल्या मारल्या का? त्यांनी हो म्हटलं. आठ मतपत्रिका आधीच खराब झालेल्या होत्या, त्या बाकीच्यांत मिसळू नयेत म्हणून खूण केली, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या दिवशी त्या आठ मतपत्रिका न्यायमूर्तींनी स्वतः हाताळून पाहिल्या. खराब झाल्याचं कुठे दिसेना. प्रत्येकीवर मतदाराची खूण कुलदीप कुमार यांच्याच नावापुढे होती, आणि खालच्या भागात पेनाने केलेली जादा खूण अधिकाऱ्याची होती.

"पण अधिकाऱ्याचा निर्णय अखेरचा असतो ना?"

असतो, पण त्याच्या हद्दीत. नियमातला शब्द पुन्हा पाहा: मतदाराने केलेली खूण. मोजणाऱ्याने केलेली खूण त्यात येतच नाही. पर्यवेक्षकाने तुमच्या वहीवर स्वतःच्या पेनाने फूल काढायचं आणि मग "वहीवर खूण सापडली" म्हणून तुम्हाला शून्य द्यायचं, असा हा प्रकार. शून्य देण्याचा अधिकार खरा असला, तरी त्यासाठी लागणारं कारण त्याने स्वतः तयार केलेलं आहे.

सर्वोच्च न्यायालयाने तेच म्हटलं. चंद्रचूड, जे. बी. पारडीवाला आणि मनोज मिश्रा यांच्या खंडपीठाने आठही मतं वैध धरली, बेरीज 20 विरुद्ध 16 झाली आणि कुलदीप कुमार महापौर जाहीर झाले. मसीह यांनी न्यायालयापुढे खोटं सांगितल्याबद्दल त्यांच्यावर कारवाई का करू नये, अशी नोटीस निघाली. पुढे त्यांनी बिनशर्त माफी मागितली.

"फेरनिवडणूक घेतली असती तर वाद मिटला नसता का?"

हा प्रश्न साळसूद वाटतो. गडबड झाली, पुन्हा मतदान घ्या, दोघांना समान संधी. पण तारखा बघा. सुनावणीच्या आदल्या दिवशी, 18 फेब्रुवारीला, सोनकर यांनी राजीनामा दिला आणि त्याच दिवशी आपचे तीन नगरसेवक भाजपमध्ये गेले. म्हणजे नव्याने मतदान झालं असतं तर भाजपकडे 19 आणि समोर 17. जुनी मतं मोजली तर एक महापौर, नवं मतदान घेतलं तर दुसरा.

न्यायालयाचं म्हणणं असं की मतदान नीट पार पडलं होतं, बिघाड झाला तो मोजणीच्या टेबलावर. मग मतदान कशाला रद्द करायचं? दुकानदाराने बेरीज चुकवली तर बेरीज दुरुस्त करायची, गिऱ्हाइकाला सगळं सामान परत ठेवून नव्याने रांगेत उभं करायचं नाही. तेवढ्या वेळात भाव बदललेला असतो. इथे तर बदललाच होता.

एक आक्षेप मात्र खरोखर वजनाचा आहे. निवडणुकीचा वाद निवडणूक याचिकेने, म्हणजे निकालानंतर ठरलेल्या न्यायाधिकरणापुढे पुरावे देऊन, सोडवायचा असतो. सर्वोच्च न्यायालयाने ती पायरी ओलांडून राज्यघटनेच्या कलम 142 खाली, 'पूर्ण न्याय' करण्याच्या खास अधिकारात, थेट महापौर जाहीर केला. उद्या प्रत्येक पडलेला उमेदवार हेच मागेल. याला उत्तर एवढंच की वर्षभराच्या महापौरपदासाठी याचिका वर्ष-दीड वर्ष चालली, तर जिंकणाऱ्याच्या हाती फक्त कागद येतो. शिवाय इथे साक्षीदार तपासायची गरज नव्हती. चित्रफीत होती, मतपत्रिका होत्या, कबुली होती. असा योग क्वचितच जुळतो, म्हणूनच हा रस्ता रोजच्या वापराचा नाही.

ज्या कागदावर मतदारच गोंधळलाय त्याचं काय?

चंडीगडची केस एका अर्थी सोपी होती, कारण लबाडी दिसत होती. अवघड जागा वेगळी आहे. खूण मतदाराचीच आहे, पण तिचा अर्थ लागत नाही.

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात न्यूपोर्ट न्यूज नावाचं शहर आहे. 2017 च्या नोव्हेंबरमध्ये तिथल्या एका विधानसभा जागेवर रिपब्लिकन डेव्हिड यान्सी दहा मतांनी पुढे होते. फेरमोजणीत डेमोक्रॅट शेली सायमंड्स 11,608 विरुद्ध 11,607 अशा एका मताने जिंकल्या. तिथे मतपत्रिकेवर नावापुढचा गोल काळा करायचा असतो. दुसऱ्या दिवशी तीन न्यायाधीशांपुढे एक मतपत्रिका आली. तिच्यावर दोन्ही उमेदवारांचे गोल काळे केलेले, पण सायमंड्स यांच्या गोलावर एक तिरकी रेघ ओढलेली. त्याच कागदावर राज्यपालपदाच्या रकान्यात रिपब्लिकन उमेदवाराचा गोल काळा केला होता आणि त्यावर फुलीही होती.

आता सांगा, रेघ म्हणजे "हे चुकून झालं, खोडलं" की आणखी काही? खोडायचं म्हणून रेघ, तर राज्यपालाच्या रकान्यातल्या फुलीचं काय, तिथे तर दुसऱ्या कोणाला मतच नव्हतं? न्यायाधीशांनी मत यान्सी यांचं धरलं. झाले 11,608 विरुद्ध 11,608. राज्याच्या सभागृहात कोणाचं बहुमत राहणार हे त्या जागेवर अडकलं होतं. शेवटी 4 जानेवारी 2018 रोजी दोन नावं कॅमेऱ्याच्या रिळाच्या डब्यांत घालून एका चिनी मातीच्या वाडग्यात टाकली आणि एक काढलं. यान्सी.

अमेरिकेतल्या लोकांना याचं फार अप्रूप वाटलं. आपल्याला वाटू नये. आपल्याकडे त्याला ईश्वरचिठ्ठी म्हणतात आणि ग्रामपंचायतीच्या प्रत्येक हंगामात ती कुठे ना कुठे निघतेच. मुंबई महापालिकेच्या फेब्रुवारी 2017 च्या निवडणुकीत गिरगावच्या 220 क्रमांकाच्या प्रभागात शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर आणि भाजपचे अतुल शाह दोघांना 5,946 मतं पडली होती, आणि नगरसेवक ठरला चिठ्ठीवर. अतुल शाह यांचं नाव निघालं.

"मग यंत्रच वापरा, कागदाची कटकट नको"

यंत्रावर फुली कुठे मारली हा प्रश्न संपतो, हे खरं. बटण दाबलं की मत एकाचंच. पण कागद पूर्णपणे जात नाही.

2024 च्या लोकसभा निवडणुकीत मुंबई उत्तर पश्चिम मतदारसंघात रवींद्र वायकर यांनी अमोल कीर्तिकर यांना 48 मतांनी हरवलं. साडेचार-साडेचार लाख मतं घेतलेल्या दोघांत फरक 48 चा. लगेच वाद सुरू झाला तो बाद ठरलेल्या टपाली मतांचा, म्हणजे कागदाचाच. कीर्तिकर यांनी उच्च न्यायालयात आणखी एक मुद्दा नेला: 333 प्रदत्त मतांचा.

प्रदत्त मत म्हणजे काय? तुम्ही केंद्रावर पोचता आणि कळतं की तुमच्या नावावर आधीच कोणीतरी मत देऊन गेलंय. ओळख पटवलीत, तर तुम्हाला कागदी मतपत्रिका मिळते. तुम्ही शिक्का मारता, ती वेगळ्या पाकिटात बंद होते. मोजणीच्या दिवशी ते पाकीट उघडत नाहीत, कारण तोतयाचं मत यंत्रात आधीच मिसळलेलं असतं आणि ते बाहेर काढता येत नाही. न्यायालयाने सांगितलं तरच पाकीट उघडतं. अशी मतं फरकापेक्षा कमी असली तर कोणी विचारत नाही. इथे फरकाच्या जवळजवळ सातपट होती. तरी डिसेंबर 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने याचिका फेटाळली. कायद्यात नुसती संख्या दाखवून भागत नाही, या गडबडीमुळे निकालच फिरला हे ठोस तपशिलाने मांडावं लागतं. पडलेल्या उमेदवाराला हे जाचक वाटतं, आणि ते तसं आहेही. पण दार सैल ठेवलं तर कुठलाच निकाल कधी कायम होणार नाही.

"सरळ हात वर करायला लावा"

महाराष्ट्रातल्या महापालिकांत महापौर तसाच निवडतात. हात वर, मोजा, संपलं. मतपत्रिकाच नाही तर बाद काय करणार?

पण उघड मतदानाने फाटाफूट थांबत नाही. 2021 च्या फेब्रुवारीत सांगलीत भाजपकडे बहुमत असूनही राष्ट्रवादीचे दिग्विजय सूर्यवंशी 39 विरुद्ध 36 मतांनी महापौर झाले, कोण कुठे गेलं हे सगळ्यांना दिसत असताना. निदान आपल्याकडे 1986 चा स्थानिक संस्थांसाठीचा पक्षांतरबंदी कायदा आहे. पक्षादेश मोडला तर नगरसेवकपद जाऊ शकतं. चंडीगडला तसा कायदा लागू नाही, म्हणून तिथे तीन नगरसेवक सुनावणीच्या आदल्या दिवशी निर्धास्तपणे पक्ष बदलू शकले.

अर्धवट उघड मतदान तर त्याहून गमतीचं. राज्यसभेच्या निवडणुकीत आमदाराने मतपत्रिका स्वतःच्या पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवायची असते, आणि दुसऱ्या कोणालाही दाखवायची नसते. 10 जून 2022 ला महाराष्ट्रात यावरूनच मोजणी रात्री उशिरापर्यंत अडली. भाजपने तीन मतांवर हरकत घेतली होती. निवडणूक आयोगाने चित्रीकरण पाहून शिवसेनेचे सुहास कांदे यांचं एक मत बाद केलं. सहाव्या जागेवर भाजपचे धनंजय महाडिक निवडून आले. 2016 मध्ये हरियाणात तर डझनभर काँग्रेस आमदारांची मतं आयोगाने दिलेल्या पेनाऐवजी दुसरं पेन वापरलं म्हणून गेली. ते पेन टेबलावर कसं आलं, यावर पुढे बराच काळ आरोप होत राहिले.

चंडीगडने 2025 ची महापौर निवडणूक पुन्हा गुप्त मतपत्रिकेनेच घेतली. या वेळी सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या निवृत्त न्यायमूर्ती जयश्री ठाकूर निरीक्षक म्हणून सभागृहात बसल्या होत्या. भाजपमध्ये गेलेले नगरसेवक आपमध्ये परतले होते आणि 2024 च्या लोकसभा निवडणुकीनंतर खासदारही काँग्रेसचे होते, त्यामुळे आप-काँग्रेसकडे खासदारांचं मत धरून पुन्हा 20, भाजपकडे पुन्हा 16. मतं पडली 36, वैध ठरली 36, कागदावर एकही जादा रेघ नाही. निकाल: भाजपच्या हरप्रीत कौर बबला 19, आपच्या प्रेमलता 17.

तीन मतं फुटली होती. कोणाची, ते नियमाप्रमाणे कोणालाच कळू शकत नव्हतं. त्यानंतर चंडीगडनेही नियम बदलून हात वर करायची पद्धत घेतली.